रोजची चार बोटं

तांडापेठेतले विणकर नानाजी फाल्गुनाच्या सुरुवातीला वारले, तेव्हा त्यांच्या मागावर तीन नऊवारी लुगड्यांचा ताणा चढलेला होता. पहिलं लुगडं पूर्ण झालं होतं, दुसऱ्याचे चार हात विणून झाले होते. पुढचे बत्तीस हात सूत नुसतं ताणलेलं होतं. साल होतं एकोणीसशे अडुसष्ट.

तेरवीला नानाजींचा धाकटा भाऊ मारोतराव उमरेडहून आला. तोही विणकर. माग वडिलांनी बसवलेला, म्हणजे दोघा भावांचा. मारोतरावचा थोरला मुलगा आता हाताशी आला होता आणि त्याला माग नव्हता. जेवणं उरकल्यावर ओट्यावर पाच-सात माणसं बसली असताना मारोतरावने विषय काढला.

"वैनी, माग उमरेडले नेतो. तुमीबी चला. तिथं चार मानसं आहेत, बोलाले तरी कोनी राहीन. इथं तुमाले कोन आहे?"

तुळजाबाईला मूल नव्हतं. माहेरी कोणी उरलं नव्हतं. प्रश्न बरोबर होता. पण उमरेडचं ते घर तिने पाहिलं होतं. त्या घरात पार्वतीबाई नावाची विधवा चुलतसासू वीस वर्षं कांड्या भरत होती. धोट्यात बसणाऱ्या बोटभर नळीवर सूत गुंडाळायचं, एक झाली की दुसरी. घरात सून आली की पार्वतीबाईचा चरखा मागच्या खोलीत जाई. नातवंडं वाढली तसा तो पडवीत आला आणि शेवटी गोठ्याच्या भिंतीला लागला. तिला कोणी वाईट वागवलं नाही. नुसतं सरकवत नेलं.

"सूत विनकर सोसायटीचं आहे," तुळजाबाई म्हणाली. "ते आधी विनून उतरू द्या."

"उतरवन कोन?"

"मी."

ओट्यावरची माणसं हसली. मारोतराव हसला नाही. त्याने थोडा विचार केला आणि पोळ्यापर्यंतची मुदत दिली. तोवर ताणा उतरला तर पुढचं पाहू. नाही उतरला तर माग आणि वहिनी, दोन्ही उमरेडला. सर्वांना हे रास्त वाटलं. त्यांच्यापैकी कोणीही विणणारी बाई पाहिली नव्हती. तसा नियम कोणी केला नव्हता. सूत उकलणं, खळ लावणं, कांड्या भरणं बाईकडे आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं पुरुषाकडे, असं चालत आलं होतं. बाईला खड्ड्यात उतरायचं कारणच पडत नसे.

पाडव्याला तिने सुरुवात केली. खड्डा नानाजींच्या पायांच्या मापाचा होता. तिचे तळवे पावड्यांना पोचेनात, म्हणून तिने पावड्यांच्या दोऱ्यांना गाठी मारून त्या वर घेतल्या. एक पावडी दाबली की अर्धे धागे वर जातात, दुसरी दाबली की उरलेले. मधून धोटा टाकायचा, फणीची चौकट पुढे ओढून आडवा धागा ठोकायचा. काठांचे दोन धोटे, मधल्या अंगाचा एक. हे सगळं तिने तीस वर्षं पाहिलं होतं. तिचा चरखा मागाच्या समोरच होता. मान वर केली की नानाजी दिसत.

पहिल्या दिवशी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत चार बोटं कापड झालं. तिने आपली चार बोटं कापडावर आडवी ठेवून मोजलं. तिसऱ्या दिवशी हुरूप आला, तिने दहा बोटं काढली. चौथ्या दिवशी खांदा उचलेना, वीसेक धागे तुटले आणि ते सांधण्यातच दिवस गेला. कशीबशी चार बोटं भरली. त्यानंतर तिने ठरवलं की रोज चार बोटं, जास्त नाही आणि कमीही नाही. नळावरून पाणी आणायचं, खड्ड्याभोवतीची जमीन ओली करायची, म्हणजे सूत कोरडं पडून तुटत नाही, आणि चुलीला हात लावण्याआधी चार बोटं विणायची. दुपारनंतर ती दोन घरांच्या कांड्या भरून देई. पोट त्यावर चाले.

एका रात्री तिने चिंचोके मांडून हिशेब केला. एका हातात चोवीस बोटं. रोज चार बोटांनी पोळ्यापर्यंत साडेसात हात कमी पडत होते. तिने चिंचोके गोळा करून डब्यात टाकले आणि सकाळी चार बोटं विणली.

शेजारची कौसल्या पहिल्या आठवड्यात रोज दारात येऊन उभी राही.

"काय वं तुळजा, मिशा केव्हा फुटून राहिल्या तुले?"

"फुटल्या की पहिले तुलेच दाखवीन."

"आन् कांड्या भराले बाई ठेवली का मंग? नवरा मागावर बसला म्हंजे बायको पाहिजे ना समोर."

तुळजाबाईने समोरच्या रिकाम्या चरख्याकडे पाहिलं आणि धोटा टाकला. पुढच्या आठवड्यापासून कौसल्याचं येणं कमी झालं. पाहण्यासारखं काही नव्हतं. एक बाई हळूहळू विणत होती. चैत्राच्या उत्तरार्धात असे दिवस गेले की नळावर "सर जराशी" एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि रात्री झोपताना तिच्या लक्षात आलं की दिवसभरात तेवढंच बोलणं झालं. नवरा असतानाही घरात फार बोलणं नव्हतं. पण तेव्हा माग चालू असताना चरखा चालू असे. आता चरखा फिरवायचा तर माग थांबवावा लागे. गल्लीत तिच्या घराचा आवाज तुटक झाला होता. धोट्यात कांडी संपली की आवाज बंद, मग चरख्याची घरघर, मग पुन्हा माग.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीचा तपासनीस ताराचंद आला. लांब मानेचा, सायकलवरून फिरणारा माणूस. विणकरांच्या घरी जाऊन मागावरचं कापड पाहणं हे त्याचं काम. तुळजाबाई खड्ड्यात बसलेली पाहून तो क्षणभर दारात थांबला, मग चपला काढून आत आला. पट्टी लावली, काठ पाहिले, बोट फिरवलं.

"सूत बराबर आहे. ठोक बी चालते," तो म्हणाला. "मगर तिरपा आहे कपडा. उजवीकडचा काठ दीड बोट मागं आहे. दिसून राहिलं का तुमाले?"

तिला दिसत नव्हतं. त्याने पट्टी आडवी ठेवली, तेव्हा दिसलं.

"आधी सीधा होता," ताराचंद म्हणाला. "नानाजींच्या हातचा कधी तिरपा आला नाही. हे असं आलं तर मी पास नाही करू शकत, बाई."

तिने विचारलं, सरळ आलं तर काय. तो म्हणाला, सरळ आलं तर सभासद म्हणून नानाजींच्या जागी तिचं नाव लावून देईल आणि पुढचा ताणाही देईल. त्याच्या वहीत नाव आणि कापड असे दोन रकाने होते. बाई की पुरुष असा रकाना नव्हता. तिने पाणी दिलं, ते तो उभ्यानेच प्यायला आणि गेला.

विणलेलं कापड पुढच्या लाकडी दांड्यावर गुंडाळत जातं. तुळजाबाईने दांडा सैल केला आणि कापड उलटं सोडलं. आधी तिचे पाच-सहा हात आले, तिरपे. मग सरळ भाग लागला. तिथे नानाजींचा हात संपून तिचा सुरू झाला होता. सांधा कुठे आहे ते सांगायला नको होतं.

कापड सरळच असणार हे तिला माहीत होतं. पण महिनाभर रोज ठोक देऊन तिच्या बोटांना आता दुसरंही काही कळू लागलं होतं. तिने त्यावर हात फिरवला आणि थांबली. आणखी सोडलं. पुन्हा हात फिरवला. दुसऱ्या लुगड्याचे चारही हात सैल होते. उजेडापुढे धरले तर आडव्या धाग्यांमधून प्रकाश येत होता. पहिल्या लुगड्याचा शेवटही तसाच. मागे जाता जाता पहिल्याच्या दहाव्या हाताशी वीण दाटली आणि तिथून आरंभापर्यंत दाटच राहिली.

नानाजी दिवसाला दोन हात विणत. म्हणजे हे सैल कापड सहा दिवसांचं. पण त्या दिवसांत ते मागावरून लवकर उठत होते, कधी दीड हात, कधी जेमतेम अर्धा हात झालं की खड्ड्याबाहेर येत होते. ती गोळाबेरीज करत बसली आणि बारा दिवसांपाशी पोचली. नानाजी एका दुपारी छातीला हात लावून आडवे झाले होते आणि संध्याकाळपर्यंत गेले होते. अचानक गेले, असंच सगळे म्हणाले, तीही म्हणत होती. त्याआधी बारा दिवस त्यांच्या हातात फणी ओढायचं बळ नव्हतं. त्या बारा दिवसांत लवकर उठताना ते म्हणत की कांडी सैल भरली आहे, सूत नीट सुटत नाही. तिला ते लागलं होतं. तिने कांड्या घट्ट भरायला सुरुवात केली होती, मान खाली घालून, समोर न पाहता.

त्या दिवशी दुपारी तिने दुसऱ्या घरच्या कांड्या भरल्या नाहीत. ती चरख्यापाशी जाऊन आपल्या जुन्या जागी बसली आणि रिकाम्या मागाकडे पाहत राहिली. ते कसे बसत, हात कसा ओढत, हे आठवत राहिली. नकळत तिचा हात हवेत तसा हलला. डावा हात. तिने हाताकडे पाहिलं. तिथून दिसणारा नानाजींचा फणी ओढणारा हात तिच्या डाव्या बाजूला असे. म्हणून खड्ड्यात बसल्यावर तिने डावा हात लावला होता. पण ते तिच्या समोर बसत. तो हात त्यांचा उजवा होता. तीस वर्षं तिने सगळं उलटं पाहिलं होतं. चरखा फिरवून तिचा उजवा हात लोखंडासारखा झाला होता आणि डाव्याने तिने नुसता धागा धरला होता. डावा हात चौकट डावीकडून ओढत होता आणि उजवीकडे ठोक पोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने उजवा हात चौकटीच्या बरोबर मध्यावर ठेवला. धोटा कुठल्या हाताने टाकायचा, कुठल्याने झेलायचा, सगळं बदललं. पहिल्या दिवसासारखंच जेवणवेळ टळून गेली. पण चार बोटं झाली. पूर्ण वैशाख चारच बोटं झाली, आणि महिनाअखेर काठ एका रेषेत आले. ज्येष्ठ लागला, तेव्हा तिने पाचवं बोट घेतलं. आषाढात सहा. पावसाळी हवेत सूत मऊ पडलं, धागे कमी तुटू लागले. श्रावणात सात. मध्ये दोन दिवस अंगात ताप होता. त्या दिवसांत विणून झालं की ती मागाशेजारीच आडवी झाली. एकही सकाळ चुकली नाही. आषाढात ताराचंद पुन्हा आला, पट्टी लावली, वहीत खूण केली आणि गेला.

पोळ्याच्या सकाळी बारा बोटं उरली होती.

मारोतराव पहिल्या बसने आला. माग उचलायला येतानाच एक हातगाडीवाला सांगून आणला होता. गाडीवाला ओट्यावर बिडी ओढत बसला, मारोतराव आत आला. तुळजाबाईने खड्ड्यातूनच पदर नीट केला. त्याने मागाकडे पाहिलं, मागच्या दांड्यावर उरलेलं सूत पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर थोडं आश्चर्य दिसलं.

"एवढंच राहिलं? सरका, वैनी, मी काढून देतो. घंट्या-दीड घंट्याचं काम."

"नाई, भाऊजी."

"आज पोळा आहे. दुपारी बैल निघतीन, घरी पोळीचा स्वयंपाक नाई का कराचा?"

"करीन."

तो भिंतीला टेकून बसला. आपल्याला बारा बोटांना किती वेळ लागला असता आणि हिला किती लागतो आहे, हे तो पाहत होता. तासाभराने मधल्या धोट्यातली कांडी संपली. भरलेली दुसरी नव्हती. तुळजाबाई खड्ड्यातून वर यायला लागली, तेव्हा तो उठला आणि चरख्यापाशी जाऊन बसला. लहानपणी आईजवळ बसून भरल्या असतील तेवढ्याच. त्यानंतर त्याने कधी कांडी भरली नव्हती. पहिल्या दोन सैल झाल्या. तिने त्या तशाच वापरल्या. तिसरी बरी झाली. ओट्यावरच्या गाडीवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. जेवणवेळेच्या आधी शेवटचं बोट विणून झालं.

मग दोघांनी मिळून दांडा सोडला आणि कापड जमिनीवर पसरत नेलं. घर पुरलं नाही. घड्या घालत घालत पाहावं लागलं. मारोतराव उकिडवा बसून हाताने चाचपत पुढे सरकत होता. पहिल्या लुगड्याच्या मध्यावर त्याचा हात थांबला. तो मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"दादा इथून थकला," तो म्हणाला.

"हाव."

"तुमाले मालूम होतं?"

"तवा नाई. वैशाखात समजलं."

"मी महाशिवरात्रीले येनार होतो," मारोतराव म्हणाला. "मंग नाई जमलं."

तो पुढे सरकला. तिचा तिरपा भाग आला, त्यावरून त्याने बोट नेलं आणि मान हलवली. तिरपेपण संपलं, वीण पातळ होती ती भरत गेली, तिसऱ्या लुगड्यात काठ सरळ चालले. शेवटच्या दोन हातांवर तो बराच वेळ थांबला. उजेडापुढे धरून पाहिलं. चांगलं आहे असं तो म्हणाला नाही. विणकर दुसऱ्याच्या कापडाला तसं म्हणत नाहीत.

त्याने कात्री मागितली. ताणा संपल्यावर कापड मागावरून कापायचं असतं, आणि ते दोन जागी कापता येतं. फणीच्या अलीकडे कापलं तर जुन्या धाग्यांची टोकं फणीत अडकलेली राहतात. नवा ताणा आला की एकेक धागा त्या टोकांना सांधायचा आणि माग पुन्हा चालू. फणीच्या पलीकडे कापलं तर टोकं निसटून येतात आणि माग मोकळा होतो, हलवायला तयार.

मारोतराव कात्री हातात घेऊन मागापाशी उभा राहिला.

"सोसायटीनं नाव लावलं का?"

"पुढच्या हप्त्यात लावतो म्हने ताराचंद. नवा ताणा कालच देऊन गेला." तिने कोपऱ्यातल्या गुंडाळ्याकडे बोट दाखवलं.

"तिकडं पोरगा बसून आहे, वैनी."

"मले मालूम आहे."

"आन् इथं तुमी एकट्या. आजारी पडल्या तं कोन पाहीन?"

तुळजाबाईने जमिनीवरच्या कापडाकडे पाहिलं. दोन माणसं समोरासमोर बसून असतानाही कोणी पाहिलं नव्हतं, हे ती बोलू शकली असती.

"कोनी नाई पाहनार," ती म्हणाली. "पन तिथं येऊन मी कांड्याच भरीन, भाऊजी. इथं विनीन. फणीच्या अलीकडून कापा."

मारोतरावने कात्रीची पाती अंगठ्याने चाचपली. बाहेर कोणाच्या तरी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज गल्लीतून गेला आणि पोरं मागे ओरडत गेली. मग तो वाकला. कात्री फणीच्या अलीकडे लावली आणि या काठापासून त्या काठापर्यंत कापत गेला. टोकं फणीत राहिली. कापड सुटून जमिनीवर पडलं.

तो ओट्यावर गेला आणि गाडीवाल्याला जायला सांगितलं. गाडीवाल्याने विचारलं, सामान नाही का? नाही, मारोतराव म्हणाला. रिकामी गाडी खडखडत गल्लीच्या तोंडाशी वळली.

मारोतराव दोन दिवस राहिला. नवा ताणा सांधणं एकट्याचं काम नसतं. तो फणीच्या एका बाजूला बसला, ती दुसऱ्या. धाग्याला धागा लावून चिमटीत पीळ द्यायचा, राखेचं बोट लावायचं, पुढचा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बाहेर मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक आणि ओरडा होता. दोघं उठले नाहीत. मध्ये त्याने मुलासाठी उमरेडलाच कोणाचा तरी जुना माग बघायचं बोलून दाखवलं. तिने होकार दिला. एकदा त्याने विचारलं की दादा शेवटी काही म्हणाला का. ती म्हणाली, पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बसने निघाला. ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. दिवाळीला या, असं त्याने सांगितलं.

घरी येऊन तिने पाणी भरलं आणि खड्ड्याभोवती शिंपडलं. धोट्यात घालायला कांडी नव्हती. मारोतरावने भरलेल्या संपल्या होत्या. ती चरख्यापाशी बसली, सहा कांड्या भरल्या आणि त्या उचलून मागावर गेली. समोरच्या जागेत चरखा थांबलेला होता. तिने एक कांडी धोट्यात घातली, उजवा हात चौकटीच्या मध्यावर ठेवला आणि पावडी दाबली.